पहिल्या शब्दापाशी

३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी वही घालायला सांगितली आहे. आई काय खाते, किती झोपते, कोणते शब्द विसरली, हे रोज लिहायचं आणि महिन्याने त्यांना दाखवायचं. मी म्हटलं, "विसरलेले शब्द लिहायचे तर एक वही पुरायची नाही." त्या हसल्या नाहीत. डॉक्टरांना विनोद चालत नाही, निदान दुसऱ्याचा.

आजचं लिहायचं तर, सकाळी दुधात भिजवलेला पाव, तोही अर्धा. झोप सहा तास. विसरलेले शब्द: कात्री, उशी आणि माझं नाव. मला ती आता 'चष्मेवाली' म्हणते. तसं त्यात खोटं काही नाही, बावीस वर्षं मी चष्म्याचंच दुकान चालवते आहे. पण आईने म्हटलं की लागतं.

त्यांची वही वेगळी केली. ही माझी. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरवर बसून लिहीन.

खरी गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या वहीत लिहिता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी आजाराचं नाव कळलं, त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आईने माझा हात धरला होता. म्हणाली, "सगळं विसरले तरी चालेल. पण प्रार्थनेवाचून मला जाऊ देऊ नकोस. माझ्या तोंडून ती निघाली पाहिजे." मी शब्द दिला. आणि आता महिना झाला, ती अडते आहे. प्रभूची प्रार्थना, जी ती भाजी चिरताना, केस विंचरताना, श्वास घेतल्यासारखी म्हणायची, तीच. 'पित्या' ही पहिलीच हाक आली की तिचं तोंड मिटतं. मी पुढचं म्हणून दाखवते. ती ऐकत नाही, झग्याच्या बाह्या बोटांपर्यंत खाली ओढत बसते.

पहिला शब्दच गेला तर पुढची गाडी हलायची कशी?

७ फेब्रुवारी

आईला सांभाळणाऱ्या आधीच्या बाई सोडून गेल्या. आज नवीन आली. संस्थेतून फोन आला होता, "मुसलमान आहेत, चालेल ना?" मी म्हटलं, चालेल काय, धावेल. सगळे तिला आपा म्हणतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल, पण अंगातच मोठेपणा आहे. संध्याकाळपर्यंत मीही आपा म्हणायला लागले.

आल्या आल्या तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली, नमाजाला जागा मिळेल का. घरातल्या बोळात शिलाई मशीनजवळची जागा दाखवली, तिथे तिची छोटी सतरंजी बरोब्बर बसते. दुसरी, आईला पुसून काढताना.

"आजींचं मनगट कसं मोडलं, ताई?"

"जिन्यावरून पडली होती. मी लहान होते तेव्हा."

"दोनदा?"

"दोनदा कशाला?"

"दोन जागी हाड जुळलंय. एकदम जुनं एक, आणि एक त्याच्यानंतरचं."

"मग दोनदा पडली असेल. आई पहिल्यापासून धांदरट."

आपा "बरं" म्हणाली आणि तेल कोमट करायला गेली.

११ फेब्रुवारी

आपा कामाला चोख आहे, पण एक खोड दिसली. धुतलेला टॉवेल तिने काल बाबांच्या फोटोवर वाळत घातला. मी काढला. दुपारी पाहते तर पुन्हा तिथेच.

"आपा, दोरी आहे की गॅलरीत."

"तिथे वाळत नाही लवकर."

कडक ऊन होतं. पण नव्या माणसाशी पहिल्याच आठवड्यात कुठे वाजवायचं?

तो फोटो मी मुद्दाम तिथे लावला आहे. महिन्यापूर्वीच माळ्यावरून काढून, काच पुसून, आईच्या पलंगासमोर. सगळे चेहरे पुसले जात असताना एक तरी ओळखीचा समोर असावा. बाबा काय माणूस होते! चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख, सहा फूट उंच. संध्याकाळी घरात ते 'पित्या' म्हणून सुरुवात करायचे तेव्हा कपाटातली भांडी वाजायची. आम्ही चौघे गुडघ्यांवर. प्रार्थना संपली की दादा मला उचलून मागच्या खोलीत न्यायचा आणि रेडिओ मोठ्याने लावायचा. दादाला रेडिओचं भारी वेड. मी सहा वर्षांची, तो चौदाचा. मला बाबांजवळ बसायचं असायचं आणि हा सोडायचा नाही. मोठी झाल्यावरसुद्धा देव म्हटलं की मला बाबांचाच आवाज ऐकू यायचा. लग्न केलं नाही त्याचं कारण लोक विचारतात. बाबांच्या तोडीचा कुणी भेटला नाही, हेच खरं कारण.

आईला रात्री चांगली झोप लागली. आठ तास. डॉक्टरीणबाईंच्या वहीत लिहिलं.

१६ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं माझं.

लेन्सचं पार्सल आलं नाही म्हणून दुकान लवकर बंद केलं. घरी आले तर आई उशीला टेकून बसलेली, हातात आपाची तसबीह, ती त्यांची जपाची माळ. आपा शेजारी बसून मटार सोलते आहे. आई एक मणी सरकवते आणि आपा एक नाव म्हणते. आई विचारते, "म्हणजे कोण?" आणि आपा सांगते.

"रहमान."

"म्हणजे कोण?"

"दया करणारा."

"सलाम."

"म्हणजे कोण?"

"ज्याच्याजवळ शांती आहे तो."

"हफीज."

"म्हणजे कोण?"

"राखणारा."

इथे आई थांबली. मणी अंगठ्याखाली धरून ठेवला. म्हणाली, "राखणारा. तो दार लावतो?"

"लावतो."

"आतून की बाहेरून?"

आपाचे हात थांबले. मग म्हणाली, "तुम्ही आत असलात तर आतून, आजी."

आई हसली. कित्येक महिन्यांत असं हसलेली पाहिली नव्हती. आणि मला, देव क्षमा करो, राग आला. मी चप्पल न काढताच आत गेले आणि आईच्या हातातून माळ काढून घेतली.

"हे काय चाललंय?"

"मी नाही शिकवलं, ताई. मी माझं म्हणत होते. त्यांनी हात पुढे केला."

"तिची स्वतःची प्रार्थना आहे. सत्तर वर्षांची. ती हरवली म्हणून त्या जागी दुसरं काहीही भरायचं नाही."

आपाने माळ घेतली, पदराला पुसली आणि म्हणाली, "काहीही नाही ते. पण तुमचं म्हणणं कळलं."

मी रागाने लिहिते आहे हे मला कळतंय. माझ्या तोंडून चाळीस वेळा ऐकूनही जी एक शब्द बोलत नाही, ती हिच्याबरोबर मात्र प्रश्न विचारते.

१७ फेब्रुवारी

चादरींच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात, म्हणून बोलणं झालं. नाहीतर अबोला आणखी चार दिवस चालला असता.

मी विचारलं, "तुमच्यात एवढी नावं आहेत. त्यात पिता नाही?"

"नाही."

"का?"

"बाप म्हटलं की मूल आलं. त्याला मूल नाही, तो कुणाचं मूल नाही. तो एकटा आहे."

"आम्ही तसं जन्म देणारा म्हणून नाही म्हणत. जवळचा म्हणून म्हणतो. आणि हे आमच्या मनाचं नाही, त्याच्या पुत्रानेच आम्हाला ती हाक शिकवली."

"तेच तर," आपा चादरीचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "इथेच तुमची वाट तिकडे जाते आणि माझी इकडे. मी 'एकच आहे हो सगळं' म्हणून टाकलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल."

मला ते आवडलं. लोक गोड गोड बोलून विषय मिटवतात तेव्हा माझ्या कपाळात तिडीक जाते. मी म्हटलं, "आणि तुमची नावं सगळी गोडच आहेत का?"

"कुठे? धाकाची पण आहेत. जबरदस्त, हिशेब घेणारा. मी ती गाळत नाही. देवाला नुसती लाडाची नावं ठेवून कसं चालेल? पण आजींसमोर ती मोठ्याने म्हणत नाही. त्यांच्या वाट्याला धाक भरपूर आलाय."

खरंय. हा आजार म्हणजे धाकच आहे. माणसाला स्वतःच्याच घरात परकं करून टाकतो.

२० फेब्रुवारी

चर्चचे पाळकसाहेब आले होते. पाच मार्चला घरी येऊन आईला प्रभुभोजन द्यायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी फार महिने नाहीत असं सांगितल्यापासून मी मागे लागले होते. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी सगळ्यांनी प्रार्थना म्हणायची, आईनेही. हीच वेळ, हेच मला पाहिजे होतं.

पाळकसाहेब म्हणाले, "आजी, म्हणू या का एकदा?" आणि त्यांनी बारीक आवाजात सुरुवात केली. 'पित्या' ऐकल्याबरोबर आईने बाह्या ओढल्या. मग खोलीभर बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "हफीज कुठे गेला?"

जमिनीने पोटात घ्यावं असं झालं मला. सत्तर वर्षं चर्चच्या मंडळीत असलेली बाई, रविवारच्या शाळेत दोन पिढ्या शिकवलेली. पाळकसाहेब चहा अर्धा ठेवून गेले. चहा अर्धा ठेवणारा माणूस नाही तो.

ते गेल्यावर मी आपाला सांगितलं की उद्यापासून येऊ नका. चिडून नाही, नीट सांगितलं. म्हटलं, प्रभुभोजनाला दोन आठवडे उरले आहेत, तिला तिचा शब्द परत मिळवून द्यायचा आहे, आणि दोन नावांच्या मध्ये ती हरवते आहे.

आपा म्हणाली, "त्या हरवलेल्या नाहीत, ताई." सतरंजी गुंडाळली, आईच्या कपाळावरून हात फिरवला आणि गेली. जाताना टॉवेल फोटोवर टाकून गेली! मी लगेच काढला.

२२ फेब्रुवारी

दुकान बंद ठेवलं. प्रार्थना सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा. अक्षर न अक्षर सुटं करून, दृष्टी तपासताना तक्त्यावर बोट ठेवतात तसं. काही नाही. जेवण: दोन घोट दूध.

२३ फेब्रुवारी

जेवण नाही.

२४ फेब्रुवारी

आज ती पांघरूण डोक्यावरून घेऊन पडली आहे. कपडे ओले केले. बदलायला गेले तर दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले. माझ्यापुढे! मी म्हटलं, "आई, मी आहे, चष्मेवाली." तेव्हा हात खाली घेतले, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे, फोटोकडे. बाबांची आठवण येत असणार तिला. मी फोटो आणखी जवळ आणून तिच्या उशाशी ठेवला, तर ती अशी ओरडली की शेजारचे दार वाजवायला आले. फोटो मी परत भिंतीवर लावला.

मी बावन्न वर्षांची आहे आणि मला काहीही कळत नाही.

२५ फेब्रुवारी

शेजारणीला बसवून आपाचं घर शोधत गेले. बसस्टॉपमागच्या गल्लीत दुसरा मजला. ती दारातच लसूण सोलत बसली होती. मला बघून उठली नाही, पण पाट सरकवला.

नाक मुठीत धरून म्हटलं, "आई जेवत नाही. चला."

"आणि माळ?"

"आणा."

"आणि टॉवेल?"

त्या बाईला टॉवेलचं काय पडलं होतं कोण जाणे. मी म्हटलं, "टॉवेल पण."

चहा झाला. तिच्या भिंतीवर एक जुनी शिट्टी टांगली होती. तिचे वडील बसवर कंडक्टर होते, त्यांची. सांगताना तिचा चेहराच बदलला. "सुट्टीच्या दिवशी अब्बा मला बसच्या पहिल्या सीटवर बसवून पूर्ण फेरी फिरवायचे. कुणी मला ओरडलं की शिट्टी वाजवायचे. आयुष्यात एकदा हात उगारला नाही माझ्यावर, माझ्या अम्मीवर पण नाही. असा माणूस."

"मग तर," मी म्हटलं, "देवाला बाप म्हणायला तुम्हाला सोपं जायला हवं."

ती लसणीची सालं गोळा करू लागली. "एकदा वाटलं होतं मला. अब्बा गेले त्या वर्षी. नमाजानंतर हात वर केले आणि तोंडावर 'अब्बा' आलं. पण नाही म्हटलं. अब्बा चुकायचे, अब्बा मेले. तो चुकत नाही आणि मरत नाही. अब्बांवर माझा एवढा जीव होता, तरी मी त्याला ते नाव देत नाही. मग ज्यांना तसा बाप किंवा तसा घरधनी मिळालाच नाही, त्यांना त्या नावाने हाक मारायला किती जड जात असेल, सांगा."

"आईला माझ्या बाबांसारखा नवरा मिळाला होता," मी म्हटलं.

आपाने माझ्याकडे पाहिलं. मग उठून चप्पल घातली. "चला, आजी उपाशी आहेत."

संध्याकाळी आईने एक वाटी मऊ भात खाल्ला. मग मटारही, एकेक, मण्यासारखे मोजून.

१ मार्च

आपाचे आणि माझे वाद आता रोजचे झाले आहेत, आणि चहासारखी त्यांची वाट बघते मी. आज मी म्हटलं, तुमची नावं म्हणजे तो काय करतो याची यादी आहे, आमचं नाव म्हणजे तो आपला कोण लागतो ते. ती म्हणाली, "नातं सांगण्याआधी वागणूक बघावी, ताई. सोयरीक जुळवताना पण तेच करतात ना?" मला उत्तर चार तासांनी दुकानात सुचलं, पण तेव्हा समोर एक आजोबा होते, त्यांना कशाला सांगू.

उत्तर असं होतं: नातं आधी असतं, म्हणून तर वागणूक वाईट निघाली की एवढं तुटतं.

लिहिल्यावर वाचलं. उत्तर तिच्याच बाजूचं झालं वाटतं.

३ मार्च

पाळकसाहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. आपा परत आली आहे, माळ आहे, आणि आई 'पित्या' म्हणत नाही. वाटलं, रागावतील. ते वेगळंच बोलले. म्हणाले, "त्या दिवशी मी चहा टाकून गेलो तो रागाने नाही. तुमच्या आईने बाह्या ओढल्या ते बघितलं मी. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जातोय. ती हालचाल ओळखीची आहे."

"कसली?"

ते विषय बदलून म्हणाले, "मी दर रविवारी 'पित्या' म्हणतो, आणि म्हणणारच. त्याहून जवळची हाक मला माहीत नाही. पण ती हाक म्हणजे दार आहे. कुणाचं दार फुगून बसलं असेल तर त्याने खिडकीतून आत यावं. घरधनी बाहेर नाही काढणार."

हे मी आपाला सांगितलं. ती म्हणाली, "घर तेच की शेजारचं, ते पाळकसाहेबांना आणि आमच्या मौलवीसाहेबांना ठरवू दे. आजी थंडीत उभ्या होत्या एवढं मला दिसलं."

४ मार्च

दादा आला. उद्याच्यासाठी मीच बोलावलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. तो लिफ्ट बसवण्याच्या कामावर गावोगाव असतो, आणि चर्चची पायरी त्याने सोळाव्या वर्षी सोडली. बाबांच्या दफनाला फाटकाबाहेर उभा होता, आत आला नाही. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आई जागी होती. तो पलंगाजवळ वाकला. साठीचा माणूस, टक्कल पडलेला, आणि तिने एका क्षणात ओळखलं! त्याची बाही धरून घाईघाईने म्हणाली, "रेडिओ लाव. लवकर लाव. छोटीला ऐकू जाईल."

छोटी म्हणजे मी! माझं नाव आलं तिच्या तोंडी, महिन्यांनंतर! मी तिथेच टाळ्या पिटल्या. डॉक्टरीणबाईंच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं.

दादा मात्र गॅलरीत गेला तो बराच वेळ आलाच नाही. मग आत येऊन त्याने टॉवेलसकट फोटो भिंतीवरून काढला आणि तोंड भिंतीकडे करून कपाटामागे ठेवला. मी ओरडले. म्हटलं, तुला त्यांची एवढी कसली चीड, त्यांनी आपल्याला गाणं दिलं, देव दिला. आपा दारात उभी होती, ती आईचा हात धरून बसली.

दादा म्हणाला, "छोटी, मी रेडिओ गाण्यांसाठी लावायचो नाही."

एवढंच म्हणाला. मी त्याला आणखी विचारलं नाही. बावन्न वर्षं मीही विचारलं नव्हतं.

आता काउंटरवर बसले आहे. त्या रेडिओवरचं एक तरी गाणं आठवावं म्हणून तासभर प्रयत्न केला. आवाज मोठा होता एवढंच आठवतं. दादाचा तळवा माझ्या कानावर होता, तेही आठवतं. गाणं एकही नाही.

मनगट दोन जागी.

दुकानात एक बाई चष्मा न्यायला आल्या. त्यांच्या डोळ्यांवर चढवून "दिसतंय का नीट?" विचारलं आणि मलाच रडू फुटलं. बिचाऱ्या घाबरल्या.

५ मार्च

खोलीत आम्ही पाच. आई, दादा, मी, पाळकसाहेब. आपा बोळातच थांबते म्हणत होती, "हे तुमचं आहे, माझं नाही." पण आईने तिचा पदर सोडला नाही, म्हणून ती पलंगाच्या पायथ्याशी बसली, डोळे खाली घालून. भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा आहे. मी सकाळी त्याच्याकडे किती वेळ बघत होते. बाबांवर माझा जीव आहे, तो काल रात्रीत कुठे जाणार? आणि तरीही आज फोटो परत लावावासा वाटला नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

पाळकसाहेबांनी सुरुवात केली नाही. फक्त म्हणाले, "आजी, तुम्ही म्हणा. तुम्हाला येईल तशी."

आईचा हात नेहमीप्रमाणे बाहीकडे गेला. पण तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, दाराला आतून कडी होती. हात बाहीवरून सुटला.

"राखणाऱ्या," ती म्हणाली.

आणि पुढची सगळी प्रार्थना आली! एकही ओळ गाळली नाही. नावाच्या पावित्र्याची ओळ, रोजच्या अन्नाची ओळ, सगळी, भाजी चिरताना म्हणायची त्याच लयीत. क्षमेच्या ओळीपाशी ती थांबली. मला वाटलं, संपलं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि आमच्या कुणाकडे न बघता तीही ओळ म्हणाली. दादाने तोंड भिंतीकडे केलं होतं. त्याचे खांदे हलत होते. वाइटापासून सोडवण्याच्या ओळीला त्याने तिच्या आवाजात आवाज मिसळला, चव्वेचाळीस वर्षांनी.

पाळकसाहेबांनी भाकर दिली, रस दिला. आईने ओठ पुसले. मग माझ्याकडे वळून, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखं नीट बघून, विचारलं, "चष्मेवाली, तुला येते का ही?"

"येते."

"मग म्हण की."

मी हात जोडले. तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. तो माझा आवडता शब्द आहे, पुढे कधीतरी मी तो परत म्हणेन, आपाशी त्याच्यावरून भांडेनही. पण आज तो निघेना.

आईने माझ्या गुडघ्यावर तिचा वाकडा हात ठेवला. रविवारच्या शाळेत अडलेल्या मुलांना सांगायची तसं, ओठ जवळ आणून, हळूच सांगितलं, "राखणाऱ्या."

मी म्हटलं.